पंगतीतला फोटो

"भांडीसुद्धा आपलीच पाठवलीत," राधाकिशन म्हणाला आणि बशीतला उरलेला चहा त्याने एका घोटात संपवला. "आजीला काई तकलीफ न्हाई. आचारी सकाळीच गेलाय तेलगावला. तुमी नुसतं जेवणाच्या वक्ताला पोचा, मंजे फोटोत मायलेकी दोघी येतेल."

बीडच्या कोर्टाच्या आवारातल्या कँटीनमध्ये सिंधू उभी होती. हातावर काळा कोट, काखेत फायली. तारीख पडल्याने तिची सकाळ मोकळी झाली होती आणि दोन मिनिटांपूर्वीपर्यंत ती बऱ्यापैकी आनंदात होती. राधाकिशन हा विठ्ठलरावांची निवडणूक चालवणारा माणूस. विठ्ठलराव म्हणजे कारखान्याचे चेअरमन. इतकी वर्षं ऊस, सोसायटी आणि बँक सांभाळून आता पहिल्यांदाच विधानसभेला उभे राहिलेले. ते तेलगावला तिच्या आईच्या, भिमाबाईच्या घरी जेवणार आहेत, हे सिंधूला आठवड्यापूर्वीच कळलं होतं, आणि तिने त्याला हरकत घेतली नव्हती. मतं मागायला आलेल्या माणसाने दारात उभं राहण्यापेक्षा आत येऊन बसावं, इतकाच विचार तिने केला होता. पण आत्ता हा 'आपलीच' शब्द कानात खड्यासारखा अडकला. किती सहज म्हणाला होता तो. 'आमची' म्हणाला असता तर तिने ऐकून सोडून दिलं असतं. 'आपली' म्हणताना त्याने तिलाही आपल्यात ओढून घेतलं होतं, वकीलबाई म्हणून, शिकलेली म्हणून. आणि त्याच शब्दाने तिच्या आईची भांडी उचलून बाहेर ठेवली होती. आईच्या फळीवर उभी लावलेली ती ताटं तिच्या डोळ्यांपुढे आली. प्रत्येकावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव: माणिकराव. वडिलांचं.

"तुमची जीप तिकडेच चाललीय ना?" तिने विचारलं. "मी आत्ताच येते."

वडवणीच्या रस्त्याला लागल्यावर राधाकिशन मोकळेपणाने बोलू लागला. आपल्या कामाचा त्याला अभिमान होता. पुढच्या सीटवरून मान मागे वळवून तो सांगत होता, की निवडणूक म्हणजे काय, तर कोणत्या घरात काय दाखवायचं याचं शास्त्र. आपल्या लोकांची मतं आपल्याकडं हायत, त्यात अर्धे नाराज. धनगरवाड्यात बिरोबाच्या मंदिराचा सभामंडप झाला. वंजाऱ्यांच्या वस्त्यांवर ऊसतोडीचे मुकादम पकडलेत. मोमीनपुऱ्यात चादर चढवली. "राहिले तुमचे लोक. तुमचे लोक भाषणाला भुलत न्हाईत, वकीलबाई. लई हुशार समाज. मंग इचार केला, साहेब बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून तुमच्या आईच्या हातचं जेवलेत, असा फोटो निघाला पायजे. भिमाबाई मंजे आजूबाजूच्या सगळ्या वस्त्या मानतेत त्यांना." ते खरं होतं. बहात्तरला दुष्काळी कामावर मजुरी अडली तेव्हा भिमाबाईनेच बायका गोळा करून तहसीलच्या दारात बसवल्या होत्या. खडी फोडून सोललेले हात तिने तहसीलदाराच्या टेबलावर पालथे ठेवले होते म्हणे. सिंधू तेव्हा शाळकरी होती. आता बाहेर पुन्हा तसंच सगळं पडलं होतं. उभा ऊस वैरणीला काढून नेलेली रानं, बांधावर नुसती पाचट, आणि एका फाट्यावर टँकरची वाट बघत ओळीने मांडलेले हंडे. हंड्यांच्या मालकिणी लांब बाभळीच्या विरळ सावलीत बसलेल्या, जणू हंड्यांनाच तेवढं तिष्ठत उभं राहायला सांगितलं होतं.

तुमचे लोक. सिंधूला राग आला नव्हता, आणि त्याचं तिला थोडं आश्चर्य वाटलं. पूर्वी आला असता. वकिलीच्या पहिल्या वर्षात एखाद्या पक्षकाराने आडनाव ऐकून फाईल परत मागितली की तिच्या कानशिलापर्यंत गरम व्हायचं. हळूहळू तिला कळलं की समोरचा माणूस जे सहज बोलून जातो त्यातच त्याची बाजू उघडी पडते. आपण फक्त नीट ऐकायचं. म्हणून ती ऐकत राहिली, आणि ऐकताना तिच्या जिभेवर अचानक बुंदीची चव आली. जुनी, तेलकट, जरा धुळीची. विठ्ठलरावांच्याच घरचं कसलंसं लग्न. मैत्रिणीबरोबर ती मागच्या दाराशी गेली होती आणि कुणीतरी वरून, बऱ्याच वरून, तिच्या फ्रॉकच्या ओच्यात बुंदी सोडली होती. अर्धी ओच्यात, अर्धी मातीत. मातीतलीसुद्धा वेचून ती नाचत घरी आली. वडील उठले. माजलगावच्या बाजाराला जाऊन ते ताटं घेऊन आले, नावं घालून, आणि सगळ्यांना रांगेत बसवून म्हणाले, "आजपून आपलं जेवण हितं. वरून पडलेलं, मागच्या दारातलं, पंगत उठल्यावरचं, ह्या घरात कुणी खायाचं न्हाई." छप्पन साली देव्हारा काढून टाकताना त्यांचा आवाज जसा होता तसाच त्या दिवशी होता, असं आई नंतर सांगायची. सिंधूचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. पण तो आवाज तिला वारशात मिळाल्यासारखा पाठ होता.

घराच्या अंगणात मांजरसुंब्याच्या एका धाब्यावरून आणलेला आचारी गॅसच्या शेगडीपुढे बसला होता. मोठाल्या भगुन्यांवर झाकणं. कारखान्याच्या गेस्टहाऊसची ताटं खोक्यातून काढून पुसणं चाललं होतं आणि पाण्याचे डबे बीडहून आलेले होते. आपल्याच घराच्या ओट्यावर भिमाबाई पाहुण्यासारखी टेकून बसली होती. अंगावर नवं पातळ, तेही राधाकिशनने पाठवलेलं नसावं अशी सिंधूने मनातल्या मनात आशा केली. नव्हतं, आईनेच मागच्या दिवाळीत घेतलेलं होतं. घरात डोकावली तर चूल थंड. राखसुद्धा भरून काढलेली.

"चूल का पेटवली नाहीस?"

"धूर होतो म्हनले. फोटो खराब येतो." भिमाबाई शांतपणे म्हणाली. "मला म्हनले, आजी, तुमी नुसतं ताट फुडं सरकवायचं आन् हासायचं. सकाळपून च्यावर बसलेय मी. भूक लागलीय."

शेजारची पारूबाई उंबऱ्याशीच होती. सिंधूने आईच्या कानाशी वाकून आपल्या मनात काय आहे ते सांगितलं तेव्हा पारूबाईने ते ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. "नको गं बाई," ती म्हणाली. "तुला बीडात नळ हाय. हितं त्यांचंच टँकर येतंय. उद्या बंद केलं तर लेकरांनी काय करावं?" हे मात्र सिंधूला लागलं. जीपमध्ये, आठवणींमध्ये, सगळीकडे तिची पावलं घट्ट पडत होती. इथे ती जराशी हलली. खरंच आपल्याला काय हक्क? आपल्या घरी पहाटे नळाखाली बादली भरते. तिने आईकडे पाहिलं.

"मला कावून इचारतीस?" भिमाबाई म्हणाली. मग पारूबाईकडे वळून, "टँकर मतापुरतं हाय गं. मत झालं की जानारच हाय ते. तवा काय करायचं ते मला म्हाईत हाय." आणि ओट्याला हात टेकून ती उठली.

विठ्ठलराव आले तेव्हा वस्तीतली माणसं अंगणाभोवती जमली होती. हळू बोलणारे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. "काय भिमाबाई, तब्येत कशी हाय?" त्यांनी विचारलं, आणि ते विचारणं खोटं नव्हतं. बीडहून आणलेल्या म्हाळू फोटोग्राफरने दाखवलेल्या जागी, भिंतीवरच्या तसबिरीच्या बरोबर खाली, ते मांडी घालून बसले. आचाऱ्याने ताट वाढायला घेतलं.

"साहेब, जरा थांबायला सांगा त्यांना," सिंधू म्हणाली. कोर्टात उभी राहते तशीच ती उभी होती, आवाज न चढवता. "तुम्ही आमच्या घरी आलात, बसलात. आम्हाला पोचलं. आता जेवण तुमच्या घरी करू. आई तुमच्याकडे जेवायला येते. तुमच्या चुलीवरचं, तुमच्या घरच्या ताटात, तुमच्या शेजारी. फोटो तिथं काढू."

राधाकिशन हसला. कुणी साथ दिली नाही तेव्हा त्याने हसू आवरलं. "वकीलबाई, तुमी शिकलेल्या. जरा समजून घ्या. ह्या घरात साहेब जेवले तर साहेब मोठे होतेत. साहेबांच्या घरात आजी जेवल्या तर…"

तो थांबला. सगळे ऐकत होते.

"तर काय व्हतं?" भिमाबाईने विचारलं.

वाक्य तसंच अंगणात लोंबकळत राहिलं. उलटतपासणीत साक्षीदार असा मध्येच थांबतो तेव्हा पुढे एक शब्दही बोलायचा नसतो, हे सिंधूला ठाऊक होतं. शेगडीचा फरफर आवाज तेवढा येत होता. विठ्ठलरावांनी एकदा राधाकिशनकडे पाहिलं, एकदा भोवतालच्या माणसांकडे. आणि मग बराच वेळ समोरच्या रिकाम्या ताटाकडे. त्यांच्या मनात तेव्हा नेमकं काय हललं हे सिंधूला नंतरही सांगता आलं नसतं. त्यात हिशोब असणारच, नकार दिला तर ही सगळी वस्ती गेली हा. पण उठताना त्यांच्या चेहऱ्यावर हिशोबाचा कावेबाजपणा नव्हता. लांबलेलं काम एकदाचं अंगावर घेणाऱ्या माणसाचा वैताग होता.

"चला," ते म्हणाले. "घर काय लांब हाय?"

"साहेब, फोटो तरी नको तिथं," राधाकिशन पुटपुटला.

"फोटो नसेल तर ते मागच्या दारातलं जेवण झालं," सिंधू म्हणाली. "ते माझ्या वडिलांनी केव्हाच बंद केलंय."

कारखान्याच्या रस्त्याला विठ्ठलरावांचं नवं स्लॅबचं घर होतं. त्यांच्या बायकोला, छबुबाईंना, कुणी काहीच कळवलं नव्हतं. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या, आणि विठ्ठलरावांनी "आत, आपल्या जेवायच्या जागी पानं वाढ" असं सांगितल्यावर नवऱ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. आतल्या खोलीच्या दारात विठ्ठलरावांची म्हातारी आई, बायनाबाई, क्षणभर दिसल्या. मग दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज सिंधूने ऐकला. आईनेही ऐकला असणार, कारण तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती सावकाश, सैल मांडी घालून बसली, कुठेही जायची घाई नसल्यासारखी. छबुबाईंचा हात आधी कपाटातल्या काचेच्या ताटांकडे गेला. कलेक्टर, इंजिनियर असे साहेबलोक आले की निघणारी, घरच्यांनी कधी न वापरायची ताटं. हात तिथे थबकला. मग खाली वळला आणि मांडणीवरची घरची स्टीलची ताटं त्यांनी काढली. विठ्ठलरावांच्या वडिलांचं नाव घातलेली. असं का केलं हे त्यांना विचारावं असं सिंधूला अनेकदा वाटलं, पण तिने विचारलं नाही. काही गोष्टी बोलून सांगितल्या की लहान होतात. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, ठेचा. "भाजी न्हाई," छबुबाई म्हणाल्या. "बाजारातच काई येईना झालंय." आमटीत लसूण जळल्याचा वास होता, घाईत फोडणी लागली असावी. सिंधू त्यांच्या हाताकडे बघत होती. भाकरी घेतलेला हात आणि आईचं ताट यांच्यात किती अंतर राहतं, याशिवाय जगात दुसरं काही नव्हतं. छबुबाई वाकल्या, गुडघ्यावर टेकल्या, आणि भाकरी त्यांनी ताटात ठेवली. ताटाला त्यांची बोटं लागली. म्हाळूचा फ्लॅश उडाला. विठ्ठलराव भिमाबाईच्या शेजारी मान खाली घालून जेवत होते. आणि भिमाबाईने कॅमेऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"आनखी अर्धी द्या," ती म्हणाली. "चांगली झालीय भाकर."

सिंधूला वाटलं होतं की गोष्ट इथे संपली. पुढचे काही दिवस ती तरंगत होती. बीडमध्ये ती राहायची त्या बौद्धवस्तीच्या गल्लीत दारोदार छापील कागद आला: वर 'हीच खरी समता', मध्ये तो फोटो, खाली विठ्ठलरावांची निशाणी. शेजारणी येऊन आईचं कौतुक करून गेल्या. मग एका सकाळी आप्पाराव नावाचा तिचा एक पक्षकार, तेलगावजवळच्या गावचा शेतकरी, बांधाच्या केसचे कागद घेऊन कोर्टात आला. त्याच्या पिशवीतूनही विठ्ठलरावांचाच कागद डोकावत होता. तोच छापखाना, तीच निशाणी. फोटो मात्र वेगळा: विठ्ठलराव सोवळ्यात, महादेवाच्या पिंडीवर अभिषेक करताना.

"दुसरा कागद नाही आला तुमच्याकडे? जेवणाचा?"

"कोंच्या जेवणाचा?" आप्पारावने विचारलं.

तिला हसूच आलं. त्या हसण्यात कडवटपणा फारसा नव्हता. किती नीटनेटकं काम केलं होतं राधाकिशनने. ज्यांच्या घरात समता हवी त्यांना समता, ज्यांच्या घरात महादेव हवा त्यांना महादेव. आणि दोन घरांनी एकमेकांत डोकावू नये म्हणून मध्ये भिंत. तिच्या आईचं ते सावकाश बसणं, छबुबाईंचं वाकणं, दाराआडची कडी, सगळं त्याने भिंतीच्या एका बाजूला रचून ठेवलं होतं. फसवलं गेल्याची भावना यायला हवी होती. त्याऐवजी तिला एखादा खटला स्पष्ट दिसू लागल्यावर येते तशी तरतरी आली. दुपारी ती विठ्ठलरावांच्या प्रचार कार्यालयात गेली आणि म्हणाली, "मी प्रचाराला निघालेय. जेवणाच्या कागदाचे गठ्ठे द्या." कार्यकर्त्यांनी आनंदाने दिले. भिमाबाईची मुलगी स्वतः आलेली.

त्या गठ्ठ्यांसह ती एसटीने गावोगाव फिरली. बौद्धवाड्यांत गेलीच नाही. सोसायटीच्या ऑफिससमोर, पारावर, दूध डेअरीपाशी, जिथे विठ्ठलराव ज्यांना आपली माणसं म्हणत ती माणसं बसायची, तिथे उभी राहून तिने कागद वाटले. "कुणाचा परचार?" कुणी विचारलं की ती म्हणायची, "विठ्ठलरावांचा." एकाने कागद चुरगाळून तिच्या पायांशी टाकला. एकाने थुंकण्याआधी तोंड बाजूला वळवलं. एका बाईने घडी करून कमरेला खोचला. आप्पारावच्या गावात एका म्हाताऱ्याने चष्मा पुसून पुसून पाहिला आणि म्हणाला, "छबुबाई वाढायलीय की. मंग वाढलं तर वाढलं." त्याच्या शेजारी बसलेला तरुण मात्र चिडला होता, आणि तो कशावर चिडला हे ऐकून सिंधूला त्या सगळ्या उन्हाचं सार्थक वाटलं. "हे आमच्यापून लपवायचं काय कारण?" तो म्हणत होता. "आमाला काय समजतेत हे लोक?"

तिथेच विठ्ठलरावांची गाडी येऊन थांबली. काच खाली झाली. राधाकिशन पुढे बसला होता, तोंड फिरवून.

"माझं नुकसान करायलात तुमी," विठ्ठलराव म्हणाले.

"तुमचाच कागद आहे, साहेब. त्यात काही खोटं असेल तर सांगा. वाटणं बंद करते."

त्यांनी हात पुढे केला. तिने एक कागद दिला. उन्हात डोळे बारीक करून ते स्वतःकडेच बघत राहिले. मान खाली घालून जेवणाऱ्या त्या माणसाकडे. "खोटं काई न्हाई," शेवटी ते म्हणाले. मग आणखी हळू, जणू तिला नव्हे, "माय बोलत न्हाई त्या दिवसापून माझ्यासंगं." कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला. वाटणं थांबवा, असं म्हणाले नाहीत. गाडी धूळ उडवत गेली आणि सिंधू पुढच्या एसटीची वाट बघत पारावर बसली.

विठ्ठलराव निवडून आले, राधाकिशनने धरलं होतं त्यापेक्षा बऱ्याच कमी मतांनी. काही गावं फिरली, काही वस्त्यांनी कागदावर विश्वास ठेवला नाही. आप्पारावच्या गावाने मात्र, सगळ्यांच्या अंदाजाविरुद्ध, भरभरून मतं दिली. गुलाल धुतला जायच्या आत वस्तीवरचा टँकर बंद झाला. भिमाबाईने पारूबाईला आणि बाकीच्या बायकांना बरोबर घेतलं, रिकामे हंडे घेऊन त्या तहसीलच्या दारात जाऊन बसल्या, आणि सरकारी टँकर सुरू झाल्यावरच उठल्या. यावेळी सिंधूही त्यांच्यात बसली होती, काळा कोट घालून, मांडीवर हंडा घेऊन.

उन्हाळा सरत आला तेव्हा एकदा राधाकिशन कोर्टात भेटला. एका बाभळीखाली उभा होता, स्वतःच्याच कुठल्या तरी केससाठी आलेला. आधी जरा अवघडला, मग जवळ आला. "राग धरला न्हाई मी," तो म्हणाला. "माझ्याच कागदानं मला धडा दिलात. असं डोकं आमच्याकडं न्हाई. फुडल्या टायमाला प्रचाराचं काम तुमी बघा, साहेबांना मी सांगतो."

"पुढच्या वेळी मला वेळ नाही," सिंधू म्हणाली. "मी उभी राहणार आहे."

"झेडपीला का? चांगलंय. राखीव सुटंल एखादी जागा."

"विधानसभेला."

तो तिच्याकडे पाहू लागला. चेष्टा आहे का, हे तो चेहऱ्यावर शोधत होता. मग समजुतीच्या सुरात, लहान बहिणीला सांगावं तसं म्हणाला, "ही सीट राखीव न्हाई, वकीलबाई."

"माहीत आहे."

त्याच्या डोळ्यांत आकडे हलायला लागलेले तिला दिसले. ही उभी राहिली तर कुणाची मतं खाईल, हिला कुणी बसवायचं, कुठल्या घरात हिचं काय दाखवायचं. ती त्याला मोजू देत उभी राहिली. तिला घाई नव्हती. आतून तिच्या केसचा पुकारा झाला. तिने कोट अंगात चढवला, बाह्या ओढून घेतल्या.

"पर तुमाला मत देईल कोन?" राधाकिशनने विचारलं. या खेपेला त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तेच विचारायला जाणार आहे," ती म्हणाली. "सगळ्यांच्या दारात. पुढच्या." आणि पायऱ्या चढून ती आत गेली.